टेलर स्विफ्टची कंट्रीची वर्षं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलर स्विफ्टवर काहीही लिहिलं की प्रश्न येतात आणि त्यातले निम्मे तेच ते असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं एका ठिकाणी देतो आहे. भर २००४ ते २०१० या काळावर आहे. गरज पडली तिथे थोडा मागे-पुढे गेलो आहे. ‘अमुक गाणं कोणत्या प्रियकरावर आहे?’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. तो मुद्दाम गाळला आहे.

१. टेलर स्विफ्ट मूळची कंट्री गायिका, हे खरं का? आम्हाला तर ती पॉपस्टार म्हणूनच माहीत आहे.

खरं आहे. ‘टेलर स्विफ्ट’ (२००६), ‘फिअरलेस’ (२००८), ‘स्पीक नाऊ’ (२०१०) आणि ‘रेड’ (२०१२) हे तिचे पहिले चारही अल्बम कंट्री म्हणूनच बाजारात आले. आपल्याकडे तिची ओळख बहुतेकांना ‘लव्ह स्टोरी’पासून झाली, तीही अनेकदा पॉपसाठी वेगळ्या केलेल्या रूपात, म्हणून हा गोंधळ (प्रश्न १५ पाहा).

२. कंट्री म्हणजे अमेरिकेचं लोकसंगीत ना? मग त्यात पॉप कुठून आलं?

त्याची मुळं लोकसंगीतात आहेत, पण ते लोकसंगीत नव्हे. ॲपलेशियन डोंगराळ भागातली कथागीतं, चर्चमधली गाणी आणि कृष्णवर्णीयांचं ब्लूज यांच्या मिश्रणातून ते तयार झालं. १९२०च्या दशकात रेडिओ आणि तबकड्यांनी त्याचा धंदा उभा केला. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम १९२५पासून चालू आहे. लोकगीताला लेखक नसतो. कंट्रीत मात्र लेखकाचं नाव, त्याचा हक्क आणि त्याचे पैसे यांचा चोख हिशेब असतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट यावरच फिरते.

कंट्रीच्या गाण्यात गोष्ट लागते. माणसं, गाव, गाडी, एखादी रात्र आणि शेवटच्या कडव्यात कलाटणी. वाद्यांत बॅन्जो, स्टील गिटार आणि फिडल. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची ढब निराळी. याला चटकन ओठांवर बसणारं धृपद आणि दणदणीत ड्रम जोडले की कंट्री-पॉप होतं. शनाया ट्वेनने १९९०च्या दशकात हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं होतं. लहानपणी टेलर ऐकत होती ती तिला, फेथ हिलला, लिॲन राइम्सला आणि डिक्सी चिक्सना.

३. ती शेतकऱ्याची मुलगी होती असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं. १३ डिसेंबर १९८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, रेडिंग शहराजवळ तिचा जन्म झाला. नाताळात घरोघरी जी झाडं सजवतात त्यांच्या शेतावर तिचं लहानपण गेलं. पण वडील स्कॉट स्विफ्ट यांचा व्यवसाय शेअर दलालीचा होता, मेरिल लिंच कंपनीत. आई अँड्रिया वित्तक्षेत्रात मार्केटिंगचं काम केलेली. शेत होतं, पण पोट शेतावर नव्हतं. शिवाय पेनसिल्व्हेनिया म्हणजे कंट्रीचा पारंपरिक दक्षिण मुलूखही नाही.

४. गाणं आणि गिटार ती कुठे शिकली?

आजी मार्जोरी फिन्ले ऑपेरा गायिका होत्या, त्यामुळे घरात गाणं होतं. नऊ-दहा वर्षांची असताना ती बालनाट्यांत कामं करायची. नाटकानंतरच्या पार्ट्यांमध्ये कॅराओकेवर कंट्री गाणी म्हणताना तिला आपली वाट सापडली, असं तिने सांगितलं आहे. गिटार हातात आली ती बाराव्या वर्षाच्या सुमारास. घरी कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या एका गृहस्थांनी तिला पहिले कॉर्ड दाखवले. त्यानंतर लगेच तिने पहिलं गाणं लिहिलं, ‘लकी यू’.

५. अकराव्या वर्षी नॅशव्हिलला जाऊन तिने काय केलं?

फेथ हिलवरचा टीव्ही कार्यक्रम पाहून तिने आईकडे हट्ट धरला, की नॅशव्हिलला जायचं. नॅशव्हिलमध्ये म्युझिक रो नावाचा भाग आहे. रेकॉर्ड कंपन्या, प्रकाशक, स्टुडिओ सगळे दोन-चार रस्त्यांवर दाटीवाटीने. आई गाडीत थांबायची. ही पोरगी दार ढकलून आत जायची, कॅराओकेवर गायलेल्या दुसऱ्यांच्या गाण्यांची डेमो टेप देऊन यायची. कुणीही फोन केला नाही.

या नकारातून तिने काढलेला निष्कर्ष मला त्या वयाच्या मानाने फार पक्का वाटतो: इथे येणारा प्रत्येक जण गातोच, तेव्हा आपल्याजवळ आणखी काहीतरी हवं. घरी परतल्यावर गिटार आली आणि लिहिणं सुरू झालं. मधल्या काळात मिळेल तिथे गाणं चालूच होतं. २००२मध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्याआधी तिने राष्ट्रगीत म्हटलं.

६. आरसीए रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या कंपनीचा करार मिळाला होता, तर तिने तो सोडला का?

तेराव्या वर्षी मिळालेला तो करार अल्बमचा नव्हता. त्याला डेव्हलपमेंट डील म्हणतात. कंपनी थोडे पैसे लावते, तयारी करून घेते, लक्ष ठेवते. अल्बम काढायचं वचन मात्र देत नाही. साखरपुडा झाला, पण मुहूर्त काढायला कुणी तयार नाही, अशातला प्रकार. वर्षभराने कंपनीचा सूर होता, की अजून थांबू, अठरा वर्षांची झाली की बघू. गाणीही शक्यतो दुसऱ्यांची घेऊ.

तिचं म्हणणं उलट होतं. शाळेतल्या दिवसांवर लिहिलेली गाणी शाळेत असतानाच यायला हवीत. चौदा वर्षांच्या मुलीने मोठी कंपनी आपणहून सोडणं तेव्हा वेडेपणाचं वाटलं असणार. तोवर, २००४मध्ये, अख्खं कुटुंब नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं होतं. वडिलांनी आपल्याच कंपनीच्या नॅशव्हिल कार्यालयात बदली करून घेतली होती.

७. अल्बम नव्हता, मग ‘प्रकाशकाने’ करारबद्ध केलं म्हणजे काय? प्रकाशक तर पुस्तकं छापतात.

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण आपल्याकडे ही सोय त्या रूपात नाही. अमेरिकेत गाण्याचे दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या रचनेच्या ध्वनिमुद्रणाचा, ज्याला मास्टर म्हणतात. संगीत प्रकाशक पहिला हक्क सांभाळतो. लेखकाला आगाऊ पैसे देतो, त्याची गाणी गायकांकडे पोचवतो आणि गाणं वाजलं की मिळकतीत वाटा घेतो. नॅशव्हिलमध्ये शेकडो माणसं एवढ्यावर घर चालवतात. ती गात नाहीत. सकाळी ऑफिसला यावं तशी येतात, दोघं-तिघं खोलीत बसतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत गाणं पुरं करतात.

सोनी/एटीव्ही या प्रकाशनसंस्थेने टेलरला लेखिका म्हणून घेतलं, ती त्या संस्थेची सर्वांत लहान लेखिका ठरली. गायिका म्हणून कंपनी नव्हती, पण लेखिका म्हणून नोकरी होती. तिच्या सुरुवातीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा. या गावात तिला दार उघडलं ते लेखणीने.

८. पण गाणी खरंच तीच लिहायची का? सोबत दुसऱ्यांची नावं दिसतात.

दिसतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. नॅशव्हिलमध्ये जोडीने लिहिणं हीच रीत. तिची नेहमीची जोडीदार लिझ रोझ. मंगळवारी शाळा सुटली की दोघी दोन तास बसायच्या. रोझ यांनी सांगितलं आहे, की आपलं काम बरंचसं संपादकाचं होतं. मुलगी दिवसभरात काय घडलं ते सांगत यायची, धृपद बहुतेक वेळा तिच्याकडे तयार असायचं.

आकडे पाहा. पहिल्या अल्बमच्या ११ गाण्यांपैकी तीन तिने एकटीने लिहिली: ‘अवर साँग’, ‘शुड हॅव सेड नो’ आणि ‘दि आउटसाइड’. सात गाण्यांवर रोझ यांचं नाव आहे. ‘फिअरलेस’च्या १३ पैकी सात एकटीची. तरीही शंका येतच राहिल्या, की मोठी माणसं लिहून देत असतील. त्यावर तिने ‘स्पीक नाऊ’ची मूळ १४ गाणी कुणालाही सोबत न घेता लिहिली. उत्तर देण्याची ही पद्धत मला आवडते.

आपल्या भावगीतात गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन निराळी माणसं असतात, म्हणून ‘सिंगर-साँगरायटर’ हा शब्द मराठीत नीट बसत नाही. आपलं कवन आपणच रचून डफावर गाणारा शाहीर त्याच्या सर्वांत जवळचा.

९. ब्लूबर्ड कॅफेत तिचा ‘शोध’ लागला म्हणतात. तिथे नेमकं काय घडलं?

ब्लूबर्ड नॅशव्हिलच्या एका साध्या दुकानांच्या रांगेत आहे. १९८२मध्ये सुरू झालं. जागा नव्वदच्या आसपास माणसांची. इथे गाणं चालू असताना बोललं तर गप्प बसवतात. लोक ऐकायला येतात ते लेखकांना. गार्थ ब्रुक्ससारख्या बड्या कंट्री गायकालाही इथेच कंपनी भेटली होती.

टेलर तिथे गिटार घेऊन आपली गाणी गायली, तेव्हा श्रोत्यांत स्कॉट बोर्चेटा होते. ते आधी ड्रीमवर्क्स या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिल शाखेत होते आणि स्वतःची कंपनी काढायच्या बेतात होते. त्यांनी तिला घ्यायची तयारी दाखवली; अडचण एवढीच, की कंपनी अजून अस्तित्वातच नव्हती. ती थांबली. २००५मध्ये बिग मशीन रेकॉर्ड्स सुरू झाली आणि टेलर तिच्या पहिल्या काही कलाकारांपैकी एक होती. मोठी कंपनी सोडून न जन्मलेल्या कंपनीकडे जायचं कारण प्रश्न ६मध्ये आहे: इथे तिची गाणी तिच्या नावाने आणि लगेच येणार होती.

१०. वडिलांनी कंपनीच विकत घेतली आणि मुलीला स्टार केलं, असं ऐकलं.

कंपनी विकत घेतली नाही. सुमारे तीन टक्के हिस्सा घेतला. आता माझं मत: पैशाचा उपयोग झाला, हे मान्य करायला काही हरकत नाही. मुलीच्या गाण्यासाठी राज्य बदलू शकणारं घर किती जणांना मिळतं? पण तीन टक्क्यांत कुणाला ‘अवर साँग’ लिहून मिळत नाही, आणि म्युझिक रोवर श्रीमंत बापांच्या मुलींची काही वाण नव्हती.

११. पहिल्याच गाण्याला दुसऱ्या गायकाचं नाव का दिलं? टिम मॅकग्रॉने पैसे दिले होते का?

नाही. टिम मॅकग्रॉ हा तेव्हाचा आघाडीचा कंट्री गायक. गाण्यातली मुलगी म्हणते, की त्याचं ते गाणं लागलं की माझी आठवण काढ. ही कल्पना टेलरला नववीत गणिताच्या तासाला सुचली. तिचा मित्र वर्षाअखेरीला कॉलेजसाठी दूर जाणार होता. मग लिझ रोझबरोबर बसून गाणं पुरं झालं.

शीर्षकात मोठं नाव आल्याने रेडिओवाल्यांचे कान टवकारले, हे उघड आहे. पण कारागिरी बघा: जुनं गाणं कानावर पडलं की माणूस आठवतो, हा प्रत्येकाचा अनुभव, आणि तो सांगायला तिने एक नेमकं नाव वापरलं. ‘एखादं गाणं’ म्हटलं असतं तर गाणं विरून गेलं असतं. जून २००६मध्ये आलेलं हे गाणं बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मॅकग्रॉसमोर ते म्हणायची वेळ २००७च्या एका पुरस्कार सोहळ्यात आली. गाणं संपवून, समोर बसलेल्या मॅकग्रॉशी हात मिळवून तिने आपली ओळख करून दिली.

१२. पहिला अल्बम आल्या आल्या गाजला का?

नाही, तो मुरला. २४ ऑक्टोबर २००६ला आला, बिलबोर्ड २०० यादीत १९व्या क्रमांकावर उतरला आणि पाचव्या या सर्वोच्च स्थानी पोचायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. मात्र त्या यादीत तो १५७ आठवडे टिकला. त्या दशकात दुसरा कुठलाही अल्बम इतका टिकला नाही. एकेक गाणं निघत गेलं: ‘टिअरड्रॉप्स ऑन माय गिटार’, मग ‘अवर साँग’, जे कंट्री यादीत सहा आठवडे पहिलं होतं. एकटीने लिहून स्वतः गायलेलं गाणं त्या यादीत पहिलं नेणारी ती सर्वांत लहान कलाकार. हे गाणं तिने नववीतल्या शाळेच्या कलागुण स्पर्धेसाठी लिहिलं होतं!

यामागे दोन प्रकारची मेहनत होती. एक जुनी: २००६मध्ये तिने गावोगावची रेडिओ स्टेशनं पालथी घातली. नवख्या कंट्री गायकाला ही वारी चुकत नाही. स्टेशनच्या बैठकीच्या खोलीत चार-पाच माणसांसमोर गायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. दुसरी नवी: मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर ती चाहत्यांना स्वतः उत्तरं लिहायची. कंट्री ऐकणारे म्हणजे मध्यमवयीन माणसं, असा कंपन्यांचा समज होता. शाळकरी मुलींनी तो मोडला.

अल्बमचा निर्माता नेथन चॅपमन हाही तिचाच आग्रह. त्याने आधी कुणाचाही अल्बम केलेला नव्हता, फक्त तिचे डेमो केले होते. कंपनीने दुसरे निर्माते वापरून पाहिले आणि शेवटी त्याच्याकडेच परत आली.

१३. रास्कल फ्लॅट्सच्या दौऱ्याचा किस्सा काय आहे?

२००६च्या शरदात या कंट्री गटाच्या दौऱ्यावर सुरुवातीला एरिक चर्च हा गायक गायचा. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वाजवतो म्हणून त्याला काढलं आणि ती जागा टेलरला मिळाली. चर्च गमतीत म्हणाला, की पहिली गोल्ड रेकॉर्ड (ठरावीक विक्रीबद्दल मिळणारं मानचिन्ह) मला दे. तिने खरोखरच दिली. त्यानंतर जॉर्ज स्ट्रेट, ब्रॅड पेझली, आणि टिम मॅकग्रॉ व फेथ हिल यांच्या दौऱ्यांत ती सुरुवातीला गायली.

१४. शाळा सोडली का?

वर्ग सोडला, शिक्षण नाही. हेंडरसनव्हिल हायस्कूलमध्ये दोन वर्षं, मग दौऱ्यांमुळे घरून अभ्यास. २००८मध्ये शालेय शिक्षण पूर्ण.

१५. ‘लव्ह स्टोरी’ दोन-तीन प्रकारची ऐकू येते. खरी कोणती?

तिन्ही खऱ्या. सप्टेंबर २००८मधली मूळ आवृत्ती बॅन्जो आणि फिडलची. पॉप स्टेशनांसाठी त्याच गाण्यातली कंट्री वाद्यं मागे सारून गिटार-ड्रम पुढे आणले, ती दुसरी. तिसरी २०२१मध्ये पुन्हा गायलेली (प्रश्न २०). ओळखायचं कसं? सुरुवातीला बॅन्जो टणत्कारला की पॉपची आवृत्ती बाद. उरलेल्या दोन्हींत आवाज भरदार लागला तर ती नवी.

या दुहेरी खेळीमुळे ते गाणं कंट्री आणि पॉप रेडिओच्या दोन्ही याद्यांत पहिलं आलं, जे आधी कुणाला जमलं नव्हतं. रचना मात्र अस्सल कंट्री आहे. रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट घेतली, शेवटच्या कडव्यात शोकांतिकेचं लग्न लावून दिलं आणि नेमक्या त्याच ठिकाणी सूर एक पट्टी वर नेला.

१६. ‘पिक्चर टू बर्न’चे शब्द माझ्या जुन्या सीडीवर वेगळे आहेत. सीडी नकली आहे का?

नकली नाही, जुनी आहे. जपून ठेवा. मूळ गाण्यात ती मुलगी चिडून म्हणते, की तू समलिंगी आहेस असं मी माझ्या मैत्रिणींना सांगेन. रेडिओसाठी गाणं काढताना ती ओळ बदलली. ‘स्पीक नाऊ’मधल्या ‘बेटर दॅन रिव्हेंज’ची एक ओळही तिने २०२३च्या नव्या ध्वनिमुद्रणात अशीच बदलली.

१७. या काळात तिला किती ग्रॅमी मिळाले?

२००८मध्ये उत्कृष्ट नवोदितासाठी नामांकन होतं, पण पुरस्कार एमी वाइनहाउसला गेला. ३१ जानेवारी २०१०च्या सोहळ्यात चार मिळाले. ‘फिअरलेस’ वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. ती वीस वर्षांची होती. सर्वांत लहान वयात हा पुरस्कार मिळवण्याचा तिचा विक्रम २०२०मध्ये बिली आयलिशने मोडला. अमेरिकेत ‘फिअरलेस’ने पहिल्या आठवड्यात ५,९२,००० प्रती विकल्या आणि एकूण ११ आठवडे तो अल्बम यादीत पहिला होता.

१८. तिला गाता येत नाही, असं तेव्हा म्हणत होते ना?

म्हणत होते, आणि पूर्ण चूक नव्हतं. त्याच २०१०च्या ग्रॅमी रात्री ज्येष्ठ रॉक गायिका स्टीव्ही निक्सबरोबर गाताना तिचा सूर सरळ सरळ ढळला. टीका झोंबरी झाली. तिने ‘मीन’ लिहिलं, बॅन्जोच्या तालावर, हिणवणाऱ्याला उद्देशून. २०१२मध्ये त्याच गाण्याला दोन ग्रॅमी मिळाले.

काही वाचक इथे रॅपर कान्ये वेस्टने तिच्या हातचा माइक हिसकावल्याचा प्रसंग घालतात. तो वेगळा: १३ सप्टेंबर २००९, एमटीव्हीचा सोहळा, व्हिडिओचा पुरस्कार. त्याचा गळ्याशी संबंध नव्हता.

१९. कंट्री नेमकं सोडलं कधी?

कागदावर २७ ऑक्टोबर २०१४ला. ‘१९८९’ हा तिने स्वतः पॉप म्हणून जाहीर केलेला पहिला अल्बम. कानाला मात्र ‘रेड’मध्येच घर बदलल्याचं कळतं.

२०. स्वतःचीच गाणी पुन्हा का गायली? आणि पहिल्या अल्बमची ‘टेलर्स व्हर्जन’ का नाही?

प्रश्न ७मधले दोन हक्क आठवा. बिग मशीनच्या करारात मास्टर कंपनीचे होते. २०१९मध्ये कंपनी स्कूटर ब्राऊन या संगीत व्यवस्थापकांकडे गेली आणि सहा अल्बमचे मास्टर त्यांच्याबरोबर गेले. २०२०मध्ये ते शॅमरॉक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकले गेले. पण रचनांवर लेखिका म्हणून तिचा हक्क होता. तीच गाणी नव्याने गाऊन नवे मास्टर करायचे, आणि जाहिरात-सिनेमासाठी जुन्याला परवानगी द्यायची नाही, हे तिला करता आलं. दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या गायिकेच्या हाती हे दुसरं हत्यार नसतं.

‘फिअरलेस’ आणि ‘रेड’ २०२१मध्ये, ‘स्पीक नाऊ’ आणि ‘१९८९’ २०२३मध्ये असे नव्याने गाऊन, ‘टेलर्स व्हर्जन’ म्हणून पुन्हा आले. मे २०२५मध्ये तिने मूळ मास्टर परत विकत घेतले. पहिला अल्बम आपण पूर्ण गाऊन ठेवला आहे, असं तेव्हा तिने सांगितलं; तो प्रसिद्ध झालेला नाही. सोळा वर्षांच्या टेलरच्या आवाजातली ती मूळ आवृत्तीच तूर्त ऐकायची.

२१. हातावर १३ का लिहायची?

जन्म १३ तारखेचा. पहिला अल्बम १३ आठवड्यांत गोल्ड. ‘अवर साँग’मध्ये आवाज लागण्याआधी १३ सेकंद नुसती वाद्यं. हे सगळं तिनेच मोजलेलं आहे.

२२. या काळातलं पहिल्यांदाच ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

आधी ‘अवर साँग’, मग ‘टिम मॅकग्रॉ’. शाळेतलं वर्ष कसं जातं ते ऐकायचं तर ‘फिफ्टीन’. ‘लव्ह स्टोरी’ तुम्ही ऐकलेलीच असणार. शेवटी ‘द बेस्ट डे’ ऐका, ‘फिअरलेस’मधलं, आईवर लिहिलेलं. आईला पत्ता लागू न देता तिने ते लिहिलं, रेकॉर्ड केलं, घरच्या जुन्या व्हिडिओंवर चढवलं आणि नाताळात तिच्यासमोर लावलं. प्रश्न ५मध्ये गाडीत थांबलेली आई ती हीच.